सोळा मिलिमीटरचं आभाळ

यंदाही ऑक्टोबरात ते आभाळ आलंच. पाऊस एकदाचा उठला, दोन दिवस नुसतं उकडलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर डोक्यावर निळा रंग इतका घट्ट, की त्यात कुठे पातळ जागा म्हणून नाही. यवतमाळच्या भोवतालच्या टेकड्या कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. शेजारच्या गच्चीवरच्या बाई म्हणाल्या, "काय सुंदर आभाळ आहे ना मॅडम आज!" मी "हो" म्हटलं आणि चिमटे लावत राहिले. मला हे आभाळ आवडत नाही. पण तसं सांगायची सोय नाही, कारण आभाळ न आवडणाऱ्या बाईला लोक कारण विचारतात.

इथे तर सगळे या महिन्याची वाट पाहत असतात. सोयाबीन कापून त्याच्या गंज्या लागलेल्या असतात, रस्त्याकडेला मळणीयंत्रं घरघरत असतात आणि त्यांचा भुसा येणाऱ्याजाणाऱ्याच्या केसांत बसतो. कपाशीची बोंडं फुटायला लागतात. शहरात दुर्गादेवीच्या मंडपांसाठी रस्ते अडवलेले असतात आणि त्यावरून रोज कुणाचं तरी भांडण होतं. दुपारचं ऊन असं लागतं की बैल बांधाच्या सावलीतून हलत नाहीत, आणि संध्याकाळी साडेपाचला तेच ऊन आडवं होऊन पानापानावर निवांत बसतं. फोटो काढणाऱ्यांचा हा महिना. आमच्या घरातही तो तसाच होता, चार वर्षांपूर्वीपर्यंत.

मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. माझ्या शिकवण्यापेक्षा माझ्या जिभेची ख्याती मोठी होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. फळ्यापाशी उभं केलेल्या मुलाला त्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत प्रश्न विचारायचे, मग शांतपणे उत्तर सांगायचं आणि खडू ठेवायचा. याला मी शिस्त म्हणत असे. ती शिस्त नव्हती. मला जिंकायला आवडायचं, आणि सोळा वर्षांच्या मुलाशी जिंकणं सोपं असतं.

घरी जिंकणं त्याहून सोपं होतं. लिहिताना नवऱ्याला मी मनोहर म्हणते आहे; एरवी मी त्यांना "अहो" म्हणते आणि ते मला "मॅडम" म्हणतात. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात थट्टेनं म्हणाले, ते तसंच राहिलं. माझ्या माहेरी तीन पिढ्या कचेरीत गेल्या. मनोहरांचं घर शेतीचं. राळेगावकडे त्यांची कपाशी, सोयाबीन, तूर. राहायला आम्ही यवतमाळात, आणि ते रोज मोटरसायकलनं शेतात जात. शिक्षण बारावीपर्यंत. या बारावीचा उल्लेख मी आयुष्यभर कुठे कुठे केला ते आठवलं की माझी मलाच किळस येते. पाहुण्यांसमोर, भाजी निवडताना, त्यांच्या आईच्या तेरवीलासुद्धा.

साठीच्या आसपास मनोहरांना फोटोंचं वेड लागलं. कुणाकडून तरी एक जुना, आत आरसा असलेला कॅमेरा घेतला, मग त्याला सोळा मिलिमीटरची रुंद लेन्स. ही लेन्स म्हणजे भलती हावरट. समोरचं शेत, पायाखालचा बांध, दोन्हीकडच्या टेकड्या आणि वरचं आभाळ, सगळं एका चौकटीत कोंबते. रविवारी सकाळी गावातले पाचसहा फोटोवाले मिळून बाहेर पडत. त्यांच्यात वडीलधारे अरविंदभाऊ, आयुष्यभर लग्नाचे फोटो काढून दमलेले. मीही थर्मास घेऊन जायचे. मला फोटो काढता येत नाहीत. पण प्रकाशाबद्दल त्या घोळक्यात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि मला तेवढं पुरायचं.

त्या ऑक्टोबरात अरविंदभाऊंनी मनोहरांना आपला एक पोलरायझर वापरायला दिला. लेन्सच्या तोंडावर बसवायची काळपट काच, बांगडीसारखी गोल फिरणारी. आम्ही बोरी अरब गावाच्या अलीकडे एका पाझर तलावावर होतो. सकाळचे आठ वाजले असतील. मनोहर काठावर गुडघे टेकून बसले, डावा डोळा मिटला, उजवा कॅमेऱ्याला लावला आणि काच फिरवायला लागले. आणि ओरडलेच.

"पाह्य नं वं मॅडम! पाण्याची चमक गेली सारी. आतले गोटे दिसून राह्यले. बापा, खालचं गवतबी दिसते!"

मीही पाहिलं. काच एका बाजूला फिरवली की तलाव म्हणजे आरसा, वरचं आभाळ जसंच्या तसं पाण्यात. दुसऱ्या बाजूला फिरवली की आरसा नाहीसा, आणि तळाचे गोटे, बुडालेलं गवत, गाळात रुतलेली कुणाची तरी एक चप्पल. काठावरच्या कपाशीच्या पानांवरची चकाकीसुद्धा पुसली गेली होती आणि पानं पोटातून हिरवी दिसत होती. मनोहर पंधरा मिनिटं नुसती काच फिरवत होते, फोटो काढायचा विसरून. त्यांचा तो आनंद मला बघवला नाही. हे लिहायला हात कचरतो, पण तसंच होतं. तो आनंद माझ्या विषयातला होता आणि माझ्याशिवाय झाला होता.

म्हणून मी शिकवायला बसले, तिथेच काठावर, सगळ्यांसमोर. पाण्यावरून परतणारा उजेड आडवा थरथरत येतो आणि ही काच फक्त उभ्या उजेडाला वाट देते. खिडकीच्या गजांतून काठी उभी धरली तर जाते, आडवी धरली तर अडते, तेवढंच. आभाळाचा उजेडही असाच, पण सगळीकडे सारखा नाही. हाताची बंदूक करा, तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा ताठ ठेवून मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून जाईल, तिथलं आभाळ काचेतून काळंनिळं पडणार. साध्या लेन्समध्ये आभाळाचा लहान तुकडा येतो, तो सगळा सारखा गडद होतो आणि फोटो सुंदर दिसतो. सोळा मिलिमीटरमध्ये मात्र जवळजवळ अर्धं आभाळ येतं, मग मधेच एक काळा पट्टा आणि दोन्हीकडे फिकट. विटलेल्या लुगड्याला नवं ठिगळ लावावं तसं. शिवाय काचेची कड जाड असली तर रुंद लेन्सला तीही दिसते, चारी कोपरे काळे होतात.

"मंग रुंद लेन्सवर हे काच लावायचंच नाई काय?" मनोहरांनी विचारलं.

"लावायचं, पण अक्कल लावून," मी म्हटलं. "बारावीच्या पुस्तकात आहे हे. तुम्ही बारावी पास झाले ना, की तेही नुसतं सांगण्यापुरतंच?"

सगळे हसले. मनोहरही हसले. त्यांना या हसण्याची सवय होती.

पुढचे अठरा दिवस माझ्या डोक्यात दिवसांसारखे राहिलेले नाहीत, तुकड्यांसारखे राहिले आहेत. त्या अठरा दिवसांत मनोहरांच्या उजव्या डोळ्यातला पडदा मागच्या भिंतीपासून सुटत चालला होता. हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांना जे दिसत होतं ते मात्र ते मला एकेक करून सांगत होते.

दुपारची वेळ, व्हरांडा. मनोहर कॅमेऱ्यातून अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहताहेत. "मॅडम, आत काळे ठिपके उडून राह्यले. चिलटावानी." मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलं, "आरशावर धूळ बसली असेल. शेतात लेन्स काढू नका म्हणून पन्नासदा सांगितलं." ते म्हणाले, "पण थे हलतात वं." मी म्हटलं, "मग फुंकर मारा." त्यांनी खरंच लेन्स काढून आत फुंकर मारली, मऊ फडक्यानं पुसलं, पुन्हा लावली, पुन्हा पाहिलं. मग कॅमेरा पिशवीत ठेवला.

दिवेलागणीला शेतातून परतताना त्यांनी गाडी थांबवून विचारलं, "वीज चमकली काय आत्ता, उजवीकडं?" ऑक्टोबरात आमच्याकडे कोरडी वीज चमकते. मी म्हटलं, "चमकली असेल."

आणि राळेगावच्या वाटेवरचा तो बांध. कपाशीत पहिली वेचणी चालू होती, बाया कापूस टाकायला कमरेला ओटे बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या, आणि मनोहरांना त्या बाया, कपाशी आणि वरचं सगळं आभाळ एकाच फोटोत पाहिजे होतं. डोळा लावूनच म्हणाले, "वरच्या कोपऱ्यात काळं येऊन राह्यलं."

"काचेची कड आहे ती. शिकवलं होतं ना?"

"कड असती तं चारी कोपऱ्यात येती. हे एकाच कोपऱ्यात येते."

हा प्रश्न मी विसरू शकत नाही. चांगला प्रश्न होता. तीस वर्षांत माझ्या वर्गात इतका नेमका प्रश्न विचारणारी मुलं फार थोडी निघाली असतील. मी म्हटलं, "तुम्ही वाकडी बसवली असेल, दुसरं काय." त्यांनी काच काढून सरळ बसवली. वेचणाऱ्या बायांपैकी एक हसून म्हणाली, "मालक, मॅडम तुमाले शाळेतच बसवून राह्यल्या." आणि मला बरं वाटलं.

कुणीही विचारेल, त्यांना एरवी कसं कळलं नाही? डावा डोळा धडधाकट होता, म्हणून. दोन्ही उघडे असले की डावा उजव्याची उणीव भरून काढायचा. रस्ता दिसायचा, ताट दिसायचं, माणसं दिसायची. डावा मिटून उजवा कॅमेऱ्याला लावला की मगच ते काळं यायचं. म्हणून ते कॅमेऱ्यातच आहे, असं त्यांनी धरलं. आणि कॅमेऱ्यात काळं काहून दिसतं हे सांगायला घरात फिजिक्सची बाई होती. एखाद्या अडाणी बाईशी लग्न केलं असतं, तर ती घाबरून म्हणाली असती, चला दवाखान्यात. मी घाबरत नसे. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण होतं, आणि ते बरोबरच होतं, फक्त त्या गोष्टीचं नव्हतं.

मग ती टेकडी. रविवारची संध्याकाळ, सूर्य डाव्या हाताला, आम्ही उत्तरेकडे तोंड करून. खाली सोयाबीन काढून झालेली काळी वावरं, मधे हिरवी तूर, लांबवर सागवान. सगळ्यांनी आपापले कॅमेरे लावलेले. मनोहर बराच वेळ काच फिरवत होते, मागे फिरवत होते, पुन्हा पुढे.

"पट्टा पडला वं मॅडम. वरचं आभाळ काळं झालं."

"मग काच फिरवा ना."

"फिरवली. हलत नाई."

"हलतो. काच फिरवली की पट्टा कमीजास्त होतोच."

"नाई होत. काच काढूनबी पाह्यली मी. तरी आहेच थो."

माझ्या हातात थर्मासचं झाकण होतं, चहानं भरलेलं. मी ते उंच धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ऐका हो! पोलरायझर काढल्यावरही पोलरायझरचा पट्टा दिसणारा जगातला पहिला माणूस आपल्या यवतमाळात निघाला. टाळ्या!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण तर शिट्टी वाजवून मोकळा झाला.

अरविंदभाऊंनी तेवढ्यात मनोहरांचा कॅमेरा घेऊन मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. पट्टा कुठेच नव्हता. टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं, शांत, निळं आभाळ. अरविंदभाऊंच्या स्वतःच्या फोटोत मात्र मधोमध काळं ठिगळ. ते म्हणाले, "मनोहरभाऊ, आमच्या सगळ्यांहून तुमचं आभाळ चांगलं आलं हो. कसं काय जमवलं?" मनोहर बावरून म्हणाले, "मले तं अर्धं काळंच दिसलं. म्हणून शेवटी काचच काढून टाकली."

आता जे लिहिते आहे ते मी चार वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला जे दिसतं तेच फोटोत येतं. डोळ्याला दिसलं आणि फोटोत आलं नाही, तर दोष कॅमेऱ्याच्या अलीकडे असतो, बघणाऱ्याकडे. हे मला त्या टेकडीवर माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, ते त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं, पूर्ण वाक्य होऊन. पण पाचजण हसत होते आणि ते माझ्या बोलण्याला हसत होते. शिवाय नवऱ्याच्या फोटोची तारीफ चालली होती. मी म्हटलं, "फोटोत नाही ना काळं? मग रडता कायले? आजपासून यांचं नाव काळं आभाळ." ते नाव चिकटलं. दुसऱ्याच दिवशी फोनवरसुद्धा विचारलं गेलं, "काळं आभाळ आहे का घरी?"

त्यानंतर मनोहर त्या काळ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, काच लावायची कला शेवटी त्यांच्या डोक्यात शिरली.

हा महिना परत आला की मला सगळ्यात आधी भुशाचा वास येतो. सोयाबीनच्या भुशाचा वास गोडसर असतो, कोरड्या शेंगांचा, आणि नाकात गेला की शिंक येते. त्या अठराव्या दिवशी शेतात मळणी चालू होती. यंत्राच्या तोंडाशी गंजी टाकणारे दोघं, पोती धरणाऱ्या दोन बाया, आणि मी सगळ्यांसाठी शिदोरी घेऊन गेलेली. वारा फिरला आणि भुशाचा लोट मनोहरांच्या तोंडावर आला. डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. त्यांनी दुपट्ट्याचा बोळा करून डावा डोळा दाबून धरला आणि माझ्याकडे वळले, डोळ्यात पाणी घाल म्हणून सांगायला. वळले आणि तसेच उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "तू गळ्यापासून खालतीच दिसून राह्यली. तुहं तोंड कुठं गेलं वं?"

बाया खळखळून हसल्या. त्यांना ती नवराबायकोची थट्टा वाटली. यंत्र चालूच होतं. मी तांब्या खाली ठेवला. त्या क्षणी मला धुळीचे ठिपके, कोपरा, वीज, पट्टा, सगळं एकदम समजलं, एखादं सोडवलेलं गणित समोर ठेवावं इतकं स्वच्छ. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, आणि ती त्यांच्या डोळ्याची नव्हती. पहिली भीती ही होती की आता हे सगळ्यांना कळणार.

यवतमाळच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत बॅटरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, आजच नागपूर गाठा. तिथल्या पडद्याच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या वयाच्या. डोळ्यात थेंब टाकले, अंधार केला, बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "काळं दिसायला लागून किती दिवस झाले?"

मनोहरांनी माझ्याकडे मान वळवली. मी म्हटलं, "दोन-तीन दिवस."

खोली लहान होती आणि पंखा फिरत होता. मनोहर डॉक्टरांकडे पाहत म्हणाले, "हो. दोन-तीन दिवसच."

डॉक्टरांनी पुन्हा वाकून डोळ्यात पाहिलं. "दोन-तीन दिवसांचं दिसत नाही हे," त्या म्हणाल्या. "आठवडाभर आधी आले असते, तर डोळा वाचेल असं मी खात्रीनं सांगू शकले असते." मी पदराला हात पुसत होते. हात कोरडेच होते.

ऑपरेशननंतर, डोळ्यात भरलेल्या वायूनं पडदा दाबून धरावा म्हणून, मनोहरांना पालथं झोपायला सांगितलं, दिवसरात्र. उशीला मधे पोकळी करून त्यात तोंड. मी नळीनं पाणी द्यायचे, वाकून घास भरवायचे. पंधरा दिवस मी फक्त त्यांच्या मानेचा मागचा भाग पाहिला. तिथला तो तीळ लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही मी पहिल्यांदाच पाहत होते. ते फरशीशी बोलायचे. एकदा म्हणाले, "बाहेर आभाळ कसं आहे वं?" खिडकीबाहेर ते निळं, घट्ट, एकसारखं आभाळ होतं. मी म्हटलं, "ढगाळ आहे." ते म्हणाले, "बरं झालं. म्हणजे बाकीचेबी घरीच असतील." खोटं बोलायची मला सवय लागली होती आणि ती सोयीची होती.

पडदा पुन्हा सुटला. पुन्हा ऑपरेशन झालं. दिवाळी केव्हा आली आणि केव्हा गेली ते आम्हाला कळलं नाही. शेवटी त्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की उजव्या डोळ्याला उजेड-अंधार एवढं कळेल, त्याहून जास्त नाही. मनोहरांनी विचारलं, "दुसरा ठीक राहील नं?" त्या म्हणाल्या, राहील, तपासत राहा. त्यावर मनोहर हसले. मी त्यांच्या हसण्याचा तिरस्कार केला. त्यांनी एकदा तरी माझ्यावर ओरडावं, असं मला इतक्या तीव्रपणे वाटत होतं, की मी रस्ताभर त्यांच्याशी नीट बोलले नाही.

त्या हिवाळ्यात फोटोवाल्या मंडळींनी गावातल्या एका सभागृहात फोटो लावले. टेकडीवरचा मनोहरांचा फोटो सगळ्यात मोठा करून मधोमध. लोक थांबून बघत होते, इतक्या रुंद आभाळात एक डाग नाही म्हणत होते. मनोहर काळा चष्मा लावून शेजारी उभे. एका तरुणानं विचारलं, "काका, कोणता फिल्टर लावलता?" मनोहर म्हणाले, "कोणताच नाई बापा. मॅडमनं शिकवलं." त्यांच्या आवाजात टोमणा होता का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी त्या मुलाला सूर्य, काटकोन, अंगठा, सगळं समजावून सांगितलं. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

माफी मी मागितली नाही. मागायची म्हणजे आधी कुणीतरी दोष द्यावा लागतो, आणि तो मनोहर देत नव्हते. कुणी भेटायला आलं की ते सांगत, "एका दिवसात गेला जी डोळा. काही समजलंच नाई." मी चहा घेऊन यायचे. नातेवाईक हळहळायचे आणि मग मला म्हणायचे, "मॅडम, तुम्ही होत्या म्हणून निभलं." असं चार वर्षं चाललं आहे. इतकी वर्षं ते वाक्य ऐकून मीही धरून चालले होते की त्यांनी ते अठरा दिवस विसरून टाकले. विसरणं त्यांच्या स्वभावात आहे, असं मी स्वतःला सांगायचे. साधा माणूस आहे, असंही. या "साधा" शब्दातसुद्धा मी बारावीच म्हणत होते, हे मला उशिरा कळलं.

आता ते डाव्या डोळ्यानं फोटो काढतात. उजवीकडून कुणी आलं की दचकतात, म्हणून घरात एक रीत पडली आहे. त्यांच्या उजव्या बाजूनं जाताना मी काहीतरी बोलत जाते. भाजीचा भाव, शेजारच्यांचं कुत्रं, काहीही. बांगड्यासुद्धा मुद्दाम वाजवते. दुर्गादेवी बघायला गेलो की गर्दीत मी त्यांच्या उजव्या हाताला चालते. लोकांना ते प्रेम वाटतं. असेलही त्यात थोडं.

परवाची गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. मनोहर व्हरांड्यात खाटेवर बसले होते, तोंड अंगणाकडे. मी चहा घेऊन मधल्या दारातून आले, त्यांच्या उजव्या अंगानं, आणि काहीतरी बोलणार तेवढ्यात दिसलं की ते फोनवर आहेत. महागावचा त्यांचा चुलतभाऊ बाळू होता. मी थांबले.

"ठिपके कधीपासून आहेत?" मनोहर विचारत होते. "हं... आणि काळं? वरून येऊन राह्यलं का खालून?... एक डोळा झाकून पाह्य. आता दुसरा झाक."

मग ते थोडा वेळ ऐकत राहिले. अंगणात कुणाचं तरी पोरगं सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ऐक बाळू. आत्ताच्या आत्ता निघ. सोयाबीन पडू दे वावरात. सरळ नागपूरले जा." पुन्हा थांबले. "नाई. तुह्या या वैनीले नको विचारू. घरात कोणालेच नको विचारू. मी विचारलतं. अठरा दिवस विचारत होतो मी." बाळू पलीकडून काहीतरी म्हणाला असावा, कारण मनोहरांनी मान हलवली. "नाई रे, तिले कायले बोलू? थे बिचारी हुशार आहे. पण तू नको विचारू."

ते शांतपणे बोलत होते, बियाणं कोणतं घे हे सांगावं तसं. मला ऐकवण्यासाठी नाही. मी तिथे आहे हे त्यांना दिसतच नव्हतं. दोन पावलांवर होते मी, त्यांच्या उजव्या हाताला. मी बांगड्या मनगटावर दाबून धरल्या आणि उलट्या पावली स्वयंपाकघरात आले.

थोड्या वेळानं बाहेरून हाक आली, "मॅडम, चहा झाला काय वं?"

"आत्ता ठेवते," मी म्हटलं, आणि हातातला चहा मोरीत ओतला.